थांबलेला थेंब

पंडरी, रायपूर
माघ वद्य पंचमी

प्रिय बेटा,


तुझ्या वहीच्या पानाचा फोटो काल रात्री मिळाला. चष्मा लावून, मोठा करून दोनदा वाचला. पाच बाटल्या, पाच प्यूपे, त्यांच्या श्वासाची अर्ध्या-अर्ध्या तासाची रीडिंग. तिसऱ्या आणि पाचव्या बाटलीपुढे शून्य, शून्य, शून्य आणि शेजारी लाल पेनाने ‘मेला?’. दुसऱ्या बाटलीत थेंब एकदा उलटा, बाहेरच्या बाजूला सरकला. तिथे ‘चूक’ असं लिहून तू रेघ मारली आहेस. आणि खाली मला प्रश्न: आत्या, तीन आणि पाच नंबर काढून टाकते, उरलेल्यांची सरासरी घेते, चालेल ना? सोमवारी मॅडमना वही दाखवायची आहे.

चालणार नाही बेटा. जे दिसलं ते सगळं वहीत राहू दे, आणि ते दोन प्यूपे अजून फेकले नसशील तर नीट सांभाळून ठेव. एवढं मी रात्रीच फोनवर कळवलं. पण का, ते फोनवर सांगून होणारं नाही, म्हणून आज दुपारी कागद घेऊन बसले.

सकाळी इथल्या कपडा मार्केटमध्ये गेले होते. ताईच्या लग्नासाठी कोशाच्या साड्या बघायच्या आहेत. दुकानदाराने गादीवर चार-पाच उलगडल्या. त्यांतली एक चांप्याची होती, न रंगवलेली, अंगच्याच मधाळ रंगाची. मी पदराचा एक सुटा धागा मागितला तर त्याने आपणहून काडी ओढली. केस जळल्याचा वास आला, राख बोटांत चुरगळली. खरा कोसा. शेजारीच घिच्याचं कापड होतं, जाडंभरडं, जागोजागी गाठी असलेलं. तुला फरक माहीत असेल. नसेल तर ऐक. सलग, नितळ धागा काढायचा तर कोसा अखंड हवा, म्हणून आतला जीव वाफ देऊन किंवा उन्हात टाकून आधीच मारतात. पतंग जिवंत बाहेर पडला की कोशाला भोक पडतं आणि सलग धागा मिळत नाही. अशा फुटलेल्या आणि नीट न उलगडणाऱ्या कोशांमधून हाताने काढलेलं सूत म्हणजे घिचा. त्या कापडावर हात ठेवून मी जरा वेळ उभी राहिले. तुझा तिसरा आणि पाचवा नंबर डोक्यातून जात नव्हता.

तुझे कोसे भंडाऱ्याकडचे, ढिवर घरातून आलेले, ऐनाच्या झाडावर वाढवलेले. त्याच ऐनाला आमच्या छत्तीसगढात साजा म्हणतात आणि अर्जुनाला कौहा. झाडांची नावं बदलतात, पण भंडारा-गडचिरोलीपासून बस्तर-चांप्यापर्यंत सगळीकडे कोशाला कोसाच म्हणतात. जीवही तोच, टसरचा किडा, अँथेरिया मायलिटा. बस्तरच्या सालवनात त्याची रैली नावाची जात रानातच वाढते, तिला कुणी पाळत नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी वर्षातल्या शेवटच्या पिढीची अळी कोसा विणून घेते, आत प्यूपा होते आणि पाऊस येईपर्यंत तशीच पडून राहते. महिनेच्या महिने अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर जातो, झाडांची पानं गळून जातात आणि हा उघड्या फांदीवर, आपल्या टणक कवचात. बाहेरून बघणाऱ्याला तो आणि वाळका कोसा यांत काही फरक दिसत नाही. तू जो प्रश्न लाल पेनाने लिहिलास, तो त्याच्याकडे बघून कुणालाही पडावा.

मलाही पडला होता. १९७८ साली, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजचं नाव लिहीत नाही. आमच्या प्रयोगशाळेत वॉरबर्गचं उपकरण होतं, पाण्याच्या टाकीत हलणारे छोटे फ्लास्क आणि प्रत्येकाला जोडलेली बारीक नळी. पण टसरचा प्यूपा त्या फ्लास्कच्या तोंडातून आत जाईना. म्हणून मी तुझ्यासारखीच जॅमच्या बाटल्यांची जुळणी केली: रबरी बूच, बुचातून आडवी पिपेट, पिपेटच्या टोकाशी इओसिनने रंगवलेला पाण्याचा थेंब, आत जाळीखाली कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेला कापूस. प्यूपा ऑक्सिजन घेतो, त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड पोटॅश शोषून घेतं, बाटलीतली हवा तेवढी कमी होते आणि थेंब आत सरकतो. किती रेघा सरकला ते लिहायचं. सहापैकी दोन बाटल्यांत थेंब हलला नाही. अर्धा तास, मग दुसरा अर्धा तास. मला सांगण्यात आलं की मेलेले दिसतात, काढून टाक, आकडे नीट दिसले पाहिजेत. मी ती दोन ओळींची रीडिंग खोडली, चौघांची सरासरी काढली, आलेख सरळ आला, शेराही चांगला मिळाला. ते दोन प्यूपे मी फेकले नाहीत, याचं कारण शास्त्र नव्हे. कोसे दिसायला सुंदर होते म्हणून बुटाच्या खोक्यात टेबलाखाली ठेवले. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या त्या आठवड्यात, दिवेलागणीला खोक्यात खुडखुड ऐकू आली. झाकण काढलं तर खोडलेल्या दोघांपैकी एक मादी भिंतीला धरून बसली होती. पंख अजून ओले आणि चुरगळलेले, चारही पंखांवर तो काचेसारखा गोल डोळा. अर्ध्या तासात पंख ताठ झाले. मी वही काढून त्या खोडलेल्या ओळी पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. शाई इतकी गच्च फिरवली होती की एकही आकडा लागला नाही. त्या रात्री जे वाटलं ते अजून तसंच आहे, आणि म्हणून तुझ्या फोटोतली ती एकेरी रेघ बघून मला बरं वाटलं. तुझे आकडे अजून वाचता येतात.

आता ते दोघं खरोखर काय करत होते ते सांगते.

किड्याला फुप्फुस नाही आणि त्याच्या रक्तावर ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम जवळजवळ नसतंच. अंगाच्या दोन्ही कडांना ओळीने श्वासरंध्रं असतात, टसरच्या अळीला नऊ जोड्या. तिथून श्वासनलिका निघतात, फांद्यांसारख्या फुटत जातात आणि थेट पेशीपर्यंत हवा पोचवतात. मॅल्पिगीने १६६९ साली रेशमाच्या किड्याची चिरफाड करून हे जाळं चितारलं. ही रंध्रं तेलाने बुजली की किडा गुदमरतो. आपली आजी गव्हाला एरंडेल चोळून ठेवायची, त्यात इतर काही कारणं असतील, पण हेही एक होतं. पुढे १९२० साली डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोगने नळ्यांची लांबी-रुंदी मोजून गणित मांडलं की एवढ्या लहान शरीरात हवा नुसती पसरत गेली तरी पुरते, भाता हलवायची गरज नाही. ते सगळ्या किड्यांना सगळ्या वेळी लागू नाही. उडणारा टोळ किंवा मधमाशी पोट आकसून-फुगवून हवा खेळवते. पण पडून राहिलेल्या प्यूप्याला पुष्कळसं लागू आहे.

एक गोष्ट मात्र क्रोगच्या गणितात नव्हती: दारं. बहुतेक किड्यांच्या रंध्रांना झडपा असतात. हार्वर्डचे कॅरल विल्यम्स आणि त्यांचे विद्यार्थी हॉवर्ड श्नायडरमन यांनी अमेरिकेतला सेक्रोपिया नावाचा रेशमी पतंग घेतला. तो आपल्या टसरच्याच कुळातला, त्याचाही प्यूपा महिनोन्‌महिने झोपतो. १९५५ मध्ये त्यांनी मोजमापं छापली. ऑक्सिजन कमी-अधिक का होईना आत जात राहतो, पण कार्बन डायऑक्साइड झोतांनी बाहेर पडतो, एका झोतापासून दुसऱ्यापर्यंत तास-तास जातात. थंडीत तर हे अंतर फारच लांबतं.

याचे तीन टप्पे आहेत आणि ते तुझ्या बाटल्यांत दिसले असावेत, म्हणून हळू वाच. पहिल्या टप्प्यात सगळ्या झडपा घट्ट मिटतात. आतल्या नळ्यांमधला ऑक्सिजन पेशी खात राहतात. बनलेला कार्बन डायऑक्साइड बराचसा रक्तात बायकार्बोनेट होऊन विरघळून राहतो, त्यामुळे आतला दाब थोडा उतरतो. बाहेर काहीच बदलत नाही. थेंब जागचा हलत नाही. तुझ्या तीन आणि पाच नंबरचं शून्य बहुतेक हे असणार. दुसऱ्या टप्प्यात नळ्यांतला ऑक्सिजन चार-पाच टक्क्यांवर आला की झडपा किंचित फडफडू लागतात. आत दाब कमी असल्याने हवा आत ओढली जाते, आणि येणाऱ्या हवेच्या विरुद्ध दिशेने वाफेला आणि कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडणं अवघड जातं. थेंब मुंगीच्या पावलाने आत सरकतो. तिसऱ्यात कार्बन डायऑक्साइड असा साठतो की झडपा पूर्ण उघडतात. कोंडलेला सगळा वायू बाहेर येतो आणि ताजी हवा आत भरते. तेव्हा थेंब झपझप आत जातो. पण पोटॅशचा कापूस लहान असेल किंवा जुना झाला असेल तर तो एवढा झोत लगेच शोषू शकत नाही आणि थेंब काही वेळ उलटा, बाहेर ढकलला जातो. तुझ्या दुसऱ्या बाटलीतली ‘चूक’ कदाचित ही असेल.

कदाचित म्हणते, कारण तुझ्या पानावर सहावी बाटली नाही. बेटा, ती सगळ्यांत महत्त्वाची. तेवढीच बाटली, तेवढंच पोटॅश, आणि प्यूप्याऐवजी त्याच्याइतक्या आकाराच्या काचेच्या गोट्या. का, ते करून बघ: तुझी बाटली १०० मिलीची आहे. तापमान ३० वरून ३१ अंश झालं तर आतली हवा ३०३ पैकी एक भाग फुगते, म्हणजे ०.३३ मिली. तुझ्या पिपेटची एक रेघ ०.०१ मिलीची. थेंब ३३ रेघा बाहेर सरकला, आणि प्यूप्याने काहीच केलेलं नाही! कुणी खिडकी उघडली, तू बाटलीवर वाकून श्वास सोडलास, हाताने बाटली धरलीस, एवढ्याने हे होतं. गोट्यांच्या बाटलीतला थेंबही त्याच वेळी तेवढाच सरकला तर ते हवेचं काम. तो स्थिर राहून फक्त दुसरीतला सरकला तर ते प्यूप्याचं काम. म्हणून सगळ्या बाटल्या पाण्याने भरलेल्या एका मोठ्या घमेल्यात किंवा थर्माकोलच्या खोक्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेव आणि पाण्यात थर्मामीटर राहू दे. थेंब बघायला जाशील तेव्हा दुपट्ट्याने तोंड झाक.

आता सरासरीचं. तू तीन बाटल्यांची घ्यायला निघाली होतीस. त्या तीन कुठल्या? ज्यांच्या झडपा नेमक्या त्या दीड तासात उघड्या किंवा फडफडत होत्या त्या. ज्यांच्या मिटलेल्या होत्या त्या तू मेलेल्या म्हणून काढणार. मग तुझी सरासरी खऱ्यापेक्षा हमखास जास्त येणार. पाच काय, पन्नास बाटल्या लावल्यास तरी जास्तच येणार, कारण चूक एकाच बाजूची आहे. मी १९७८ मध्ये नेमकं हेच केलं. माझ्या वहीतला टसरचा प्यूपा जितका ऑक्सिजन घेतो, तितका कुठलाही झोपलेला प्यूपा घेत नसेल. हिशेब करायचा तर एका झोतापासून दुसऱ्या झोतापर्यंतचा पूर्ण फेरा धर, शून्याचे तास धरून. एक फेरा पुरणार नाही, दोन-तीन तरी हवेत. म्हणजे रात्रभर बसावं लागेल.

बसायचीही गरज नाही म्हणा. आमच्या वेळी मैत्रिणी पाळीपाळीने जागायच्या. तू फोन स्टँडवर लावून दर मिनिटाला एक फोटो घ्यायला सांग, सहाही पिपेट एका चौकटीत, शेजारी घड्याळ. सकाळी चहा पिता पिता सगळी रात्र बघता येईल. मोठ्या प्रयोगशाळांत आता इन्फ्रारेड गॅस ॲनालायझर असतो: कोरडी, कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेली हवा किड्यावरून सोडतात आणि ती पुढे एका प्रकाशाच्या नळीतून जाते. कार्बन डायऑक्साइड ठरावीक तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश शोषतो, त्यावरून सेकंदा-सेकंदाला आकडा मिळतो. तांदळातल्या एवढ्याशा सोंड्याचा श्वासही त्याने मोजता येतो. तुझ्याकडे ते यंत्र नाही म्हणून मन खट्टू करू नकोस. टसरचा प्यूपा दहा ग्रॅमच्या आसपास असतो, किड्यांमधला हत्तीच. त्याचे झोत जॅमच्या बाटलीत पकडता येतील.

आणि एक जोडणी मुद्दाम कर, मला ती फार आवडते. पोटॅशशिवाय एक बाटली लाव. तिच्यात झडपा फडफडत असताना थेंब हळूहळू आत जाईल, कारण ऑक्सिजन जातो आहे आणि बदल्यात फारसं काही बाहेर येत नाही. आणि झोताच्या वेळी तो परत बाहेर येईल. पूर्ण जागेवर मात्र नाही. झोपलेला प्यूपा मुख्यतः चरबीवर जगतो, आणि चरबी जळताना घेतलेल्या दहा भाग ऑक्सिजनमागे साधारण सातच भाग कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या न भरलेल्या अंतरावरून तो काय खाऊन जगतो आहे हे कळतं. मी निवृत्त झाल्यावर घरी ही जोडणी केली तेव्हा मध्यरात्रीनंतर थेंब परत फिरताना पाहिला. स्वयंपाकघरात एकटीच होते. अगदी हळू, पण स्पष्ट, एक-एक रेघ मागे. इतक्या वर्षांनी तो मला दिसला.

तुझ्या मॅडम विचारतील की प्यूपा असं का करतो. सरळ उत्तर नाही, वाद चालू आहे, आणि तू दोन्ही बाजू मांड. जुनं मत असं की पाणी वाचवण्यासाठी: दारं जितकी कमी वेळ उघडी तितकी वाफ कमी जाते. दुसरं मत २००५ साली स्टेफान हेट्झ आणि टिमथी ब्रॅडली यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं. त्यांनी ॲटलस पतंगाचे प्यूपे घेतले आणि बाहेरचा ऑक्सिजन कमी-जास्त केला, तरी फडफडीच्या टप्प्यात नळ्यांमधला ऑक्सिजन चार टक्क्यांच्या आसपासच राहिला. त्यांचं म्हणणं, झोपलेल्या जिवाला ऑक्सिजन फार झाला तर तो पेशींना बाधतो, म्हणून झडपा तो आत येण्यापासून अडवतात. हा पुरावा मला बाजूला सारता येत नाही. तरीही मे महिन्यात साजाच्या निष्पर्ण फांदीवर लटकलेला कोसा पाहिला की मला पाण्याचंच मत जवळचं वाटतं. एक ग्रॅम चरबी जळली की एक ग्रॅमहून थोडं जास्त पाणी तयार होतं. त्याच्याजवळ पावसापर्यंत नवं पाणी एवढंच. ते त्याने उघड्या दारातून उडू द्यायचं? हे माझं मत म्हणून ऐक, वहीत पुरावा म्हणून लिहू नकोस.

काही बारीकसारीक. कोसा कापताना देठाकडून, वरच्या टोकाला कातरी लाव, आत वाकडी घालू नकोस. प्यूपा बाहेर काढल्यावर तो पोट गरागरा फिरवेल, घाबरू नकोस, पण त्या रात्री रीडिंग घेऊ नकोस. हाताळल्यावर त्याचा श्वास वाढलेला असतो. कापसावर निजवून एक दिवस शांत ठेव. वजन रोज लिही, त्यावरून पाणी किती गेलं ते समजेल. पोटॅशच्या गोळ्या चिमट्यानेच उचल. बोटं साबण लावल्यासारखी निसरडी वाटली तर ती कातडी विरघळते आहे, लगेच नळाखाली धर. जाळीतून पोटॅश प्यूप्याला लागणार नाही याची खात्री कर. बाबांना सांग, खोलीचा पंखा रात्री बंद ठेवायचा आहे, एक रात्र चालवून घ्या.

सोमवारी मॅडमना आहे तेच पान दाखव. ‘मेला?’ पुसू नकोस, त्याच्यापुढे तारीख टाकून ‘फेरा पूर्ण पाहिलेला नाही, पुन्हा मोजणार’ एवढं लिही. गुण थोडे कमी पडले तर पडू देत. मी त्यांच्याशी बोलायला तयार आहे, पण मला वाटतं तूच नीट सांगशील.

होळीला येशील तेव्हा वही घेऊन ये, पंडरीतून घिच्याची ओढणी घेऊन ठेवली आहे तुझ्यासाठी. मोजून झालं की पाचही प्यूपे जाळीच्या झाकणाच्या वेगवेगळ्या डब्यांत ठेव, तळाला कापूस, उभं चढायला काटक्या, मुंग्या लागणार नाहीत अशा जागी. झाकणावर बाटलीचा नंबर लिही, म्हणजे मृगाच्या सरींनंतर कोण बाहेर आलं ते समजेल. संध्याकाळी सातच्या पुढे कान देऊन बस. आणि कितीही वाजलेले असोत, मला फोन कर.

तुझी,
आत्या